सारखं घर, तीन शहरं, तीन वेगळी बिलं: संपत्तिकराचा हिशेब कसा वाचावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला सुदामा नगरात तुमचं राहतं घर, धाकट्या बहिणीचा फ्लॅट वडोदऱ्याला मांजलपूरमध्ये, आणि मुलाने पुण्यात फ्लॅट घेतलाय. तिन्ही घरं हजार चौरस फुटांच्या आसपास. तिघांनी बिलं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा एकाचाही दुसऱ्याशी मेळ बसेना. मुलाचा कर सगळ्यांत जास्त, बहिणीच्या वेरा (गुजरातीत कर) बिलात भाडेमूल्य हा शब्दच नाही, आणि तुमच्या बिलात संपत्तिकराखाली उपकरांची रांग. तुम्ही विचारलंत की दर इतके वेगळे का, आणि आपल्यापैकी कुणाकडून चुकून जास्त तर घेतलं जात नाही ना.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. शहराशहरांत फरक का, हा एक. माझं बिल बरोबर आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कायद्यात आणि इतिहासात आहे, तिथे तुमचं-माझं फार चालत नाही. दुसऱ्यावर मात्र पैसे वाचतात, आणि बहुतेक लोक त्याकडेच बघत नाहीत. बिलं प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कुणाचा आकडा चूक हे सांगता येणार नाही, कारण रेट झोन (दर ठरवण्यासाठी पाडलेला शहराचा भाग), बांधकामाचा प्रकार, वापर आणि पहिली आकारणी कोणत्या वर्षी झाली, या चार गोष्टींवर सगळं फिरतं. पण कुठे बघायचं ते नेमकं सांगता येतं.

सुरुवात त्या 'हजार चौरस फुटां'पासून करू, कारण तुमची तुलना तिथेच घसरली आहे. इंदूरमध्ये हिशेब भिंतींसकट एकूण बांधलेल्या क्षेत्रावर होतो, आणि वरचा मजला असेल तर तोही त्यात येतो. वडोदऱ्यात कर कार्पेट, म्हणजे आतल्या वापरायच्या क्षेत्रावर, तोही चौरस मीटरमध्ये. मुलाच्या करारनाम्यात बहुधा रेराच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या) व्याख्येचं कार्पेट लिहिलेलं असेल, ज्यात आतल्या भिंती धरतात पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. बहिणीला बिल्डरने 'हजार फूट' म्हणून विकलेला फ्लॅट सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामायिक जागेचा वाटा धरून मोजलेला असेल, तर प्रत्यक्ष कार्पेट सातशे-साडेसातशेच भरेल. म्हणजे तिन्ही घरं सारखी नाहीतच. आधी तिन्ही एका मापात आणा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट.

आता फरक का, ते पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जमीन आणि इमारतींवरचा कर राज्य सूचीत आहे, ४९ व्या नोंदीत. म्हणजे दिल्लीहून एकच दर यावा अशी रचनाच नाही. राज्याने कायदा करायचा आणि त्या चौकटीत नगरपालिकेने दर ठरवायचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, नगरपालिकांना घटनेत स्थान मिळालं. पण कोणता कर किती लावता येईल ते अनुच्छेद २४३ भ, ज्याला सगळे २४३ एक्स म्हणतात, त्यानुसार राज्याचं विधिमंडळच ठरवतं. त्यामुळे राज्य बदललं की सूत्र बदलतं, आणि त्याच राज्यात शहर बदललं की त्या सूत्रात घालायचे आकडे बदलतात.

तुमच्या तीन शहरांची गंमत अशी की त्यातली दोन एकाच मुळातून आली आहेत. बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम आला. पुणे त्या कायद्याखाली आणि पुढे वडोदराही त्याच कायद्याखाली. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, दोन्ही राज्यांनी तोच कायदा आपापल्या नावाने पुढे नेला आणि आपापल्या दुरुस्त्या केल्या. आज पुण्याचं आणि वडोदऱ्याचं बिल शेजारी ठेवलं तर ते सख्ख्या भावांचं वाटणार नाही, पण कलमांचे क्रमांक अजून बऱ्याच ठिकाणी जुळतात. इंदूर-ग्वाल्हेरची वाट वेगळी. होळकर आणि शिंदे संस्थानं मध्य भारतात गेली, मध्य भारत १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशात मिसळला, आणि आपल्या निगमांना, म्हणजे महानगरपालिकांना, मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम १९५६ लागू झाला. मुंबई शहराला तर आजही १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे.

खरा फरक मात्र टक्क्यांत नसून तो टक्का कशाला लावतात त्यात आहे. तिघं एकत्र बसलात तेव्हा 'आमच्याकडे दहा टक्के, तुमच्याकडे चाळीस' अशी तुलना झाली असेल तर ती सोडून द्या. देशात मुख्यतः तीन पाये चालतात.

पहिला पाया वार्षिक भाडेमूल्याचा. हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला रास्त भाडं किती येईल, त्या अंदाजावर टक्के. इंग्रजी अमलापासूनची ही रीत. ती अडखळली ती भाडे नियंत्रण कायद्यांमुळे. भाडं गोठलेलं, मग करासाठी त्याहून जास्त भाडं धरायचं कसं? सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दिवाण दौलतराय कपूर प्रकरणात सांगितलं की भाडे नियंत्रण कायद्याने जे प्रमाणित भाडं ठरतं त्याच्या वर करासाठीचं भाडेमूल्य जाऊ शकत नाही, मग घर प्रत्यक्ष भाड्याने दिलेलं असो वा नसो. परिणाम असा की जुन्या पेठांतल्या मोठ्या वाड्यांचा कर नगण्य राहिला आणि नव्या कॉलनीतल्या लहान घरावर बोजा आला. पालिकांचं उत्पन्न आटलं आणि राज्यं दुसरी वाट शोधू लागली.

दुसरा पाया क्षेत्रफळाचा. दर चौरस फुटाला किंवा मीटरला ठरावीक रक्कम, आणि तिला जागा, वय, बांधकाम, वापर यांचे गुणक. सुरुवात पाटण्याने १९९३ मध्ये केली, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत ग्राह्य धरली. पुढे गुजरातच्या महानगरपालिका, २००४ मध्ये दिल्ली, २००८ मध्ये बेंगळुरू या वाटेने गेल्या.

तिसरा पाया भांडवली मूल्याचा. मालमत्तेची बाजारातली किंमत, म्हणजे व्यवहारात रेडी रेकनरचा (खरेदीखताच्या नोंदणीसाठी सरकारने ठरवलेला) दर, धरून त्यावर कर. मुंबईत तो १ एप्रिल २०१० पासून आहे. त्याचे काही नियम पुढे न्यायालयात टिकले नाहीत, पण पद्धत कायम राहिली.

इंदूर कुठे बसतं? नावाने पहिल्या पायावर, वागण्याने दुसऱ्यावर. १९९७-९८ पासून मध्य प्रदेशात वार्षिक भाडेमूल्य प्रत्येक घराचं भाडं चौकशी करून काढत नाहीत. निगम शहराचे रेट झोन पाडतं आणि प्रत्येक झोनसाठी दर चौरस फुटाचा वार्षिक दर ठरवतं. निवासी वेगळा, व्यावसायिक वेगळा, आरसीसी वेगळा, पत्र्याचं किंवा कवेलूचं (कौलांचं) छत वेगळं. आणि २०२० पासून हे दर कलेक्टर गाइडलाइनशी, म्हणजे जागेच्या सरकारी दरांशी, जोडले गेले. त्यामागे एक कारण आहे. कोविडच्या वर्षी केंद्राने राज्यांना जादा कर्ज काढायची मुभा दिली, तिच्या अटींपैकी एक होती की संपत्तिकराचे किमान दर सरकारी जमीनदरांशी सुसंगत करा. ही अट सगळ्यांत आधी पुरी करणाऱ्या राज्यांत आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेश होते. म्हणून तुमच्या कॉलनीची गाइडलाइन वाढली की आज ना उद्या त्याची झळ संपत्तिकराला लागते. महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात, गुजरातेत जंत्री, तीच आपली गाइडलाइन. रजिस्ट्रीच्या वेळी तुम्ही तिला एकदा भेटता, आता ती दर वर्षी भेटते.

माझं स्पष्ट मत असं की क्षेत्रफळाची रीत घरमालकाला सगळ्यांत सोयीची, कारण टेप घेऊन तो स्वतः हिशेब ताडू शकतो. किमतीशी जोडलेला कर कागदावर न्याय्य दिसतो, पण रामबागेत चाळीस वर्षं राहणाऱ्या निवृत्त माणसाच्या घराची किंमत वाढली म्हणून त्याची पेन्शन वाढत नाही. ही अडचण सूट देऊनच सुटते, आणि सूट कुणाला, किती, हाच शहराशहरांतला पुढचा फरक आहे.

तो दिसावा म्हणून तिन्ही हिशेब मांडतो. खालचे दर फक्त रीत समजावी म्हणून धरलेले आहेत, तुमचे खरे दर तुमच्या बिलावरून घ्या.

इंदूर. बांधलेलं क्षेत्र १,००० चौरस फूट, झोनचा निवासी दर समजा १२ रुपये. वार्षिक भाडेमूल्य १२,०००. त्यातून देखभाल-दुरुस्तीचे १० टक्के वजा, उरले १०,८००. कराचा दर समजा १० टक्के, म्हणजे १,०८०. मालक स्वतः राहत असेल तर संपत्तिकरात निम्मी सूट, म्हणजे ५४०. ही निम्मी सूट संपत्तिकराच्या ओळीला लागते. शिक्षण उपकर, नगरीय विकास उपकर, समेकित (एकत्रित) कर या ओळी वेगळ्या चालतात. म्हणून तुम्हाला 'कराइतकेच उपकर' दिसतात. कर अर्धा झालाय, बाकी ओळी झालेल्या नाहीत.

आता याच घराच्या पुढच्या २०० फुटांच्या खोलीत दुकान काढलं असं धरा. राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत असं घर दर चार घरांमागे दिसतं. व्यावसायिक दर समजा ३६. राहत्या ८०० फुटांचे ९,६००, दहा टक्के वजा करून ८,६४०, कर ८६४, निम्मा ४३२. दुकानाचे ७,२००, वजावटीनंतर ६,४८०, कर ६४८, सूट नाही. एकूण १,०८०. घराचा पाचवा हिस्सा दुकान झाला आणि कर दुप्पट झाला. शेजारच्या दोन सारख्या घरांची बिलं वेगळी का, याचं उत्तर बहुतेक वेळा असंच एका खोलीत मिळतं. उलटही होतं: दुकान बंद करून पाच वर्षं झाली, खोलीत आजी झोपते, पण निगमच्या खात्यात ती अजून दुकानच आहे.

वडोदरा. कार्पेट ७५ चौरस मीटर, मूळ दर समजा १६ रुपये. गुणाकार १,२००. आता गुणक. जागेचा समजा १.२, इमारतीच्या वयाचा ०.८५, बांधकाम-प्रकाराचा १, वापराचा, मालक स्वतः राहतो म्हणून, १. सगळे गुणले की १,२२४. भाडेकरू ठेवला तर वापराचा गुणक चढतो. तो समजा १.५ झाला, तर तोच फ्लॅट १,८३६ वर जातो. इथे टक्के नाहीत म्हणून बहिणीच्या बिलात ते दिसत नाहीत. हे झालं सामान्य वेऱ्याचं. पाणी आणि सफाई-मलनिःसारणाच्या ओळी त्याच्या खाली वेगळ्या येतात. आणखी एक गोष्ट बहिणीला सांगा: गुजरातेत १५ एप्रिल २०२३ ला जंत्री दुप्पट झाली, पण म्हणून वेरा आपोआप दुप्पट झाला नाही, कारण इथे जागेचा भाव सरळ गुणाकारात येत नाही, गुणकाच्या पायरीतून येतो.

पुणे. इथे वार्षिक करयोग्य मूल्य. १,००० चौरस फूट, महिन्याचा दर समजा २ रुपये, बारा महिन्यांचे २४,०००, वैधानिक १० टक्के वजा, २१,६००. स्वतः राहत असेल तर ४० टक्के सूट करयोग्य मूल्यातच, म्हणून उरले १२,९६०. यावर सामान्य कर, पाणीपट्टी, मलनिःसारण, वृक्ष कर अशा सगळ्यांची बेरीज समजा ४० टक्के धरली तर ५,१८४. सूट न लावता हाच आकडा ८,६४०. फरक ३,४५६ रुपयांचा, दर वर्षी.

बघा, इंदूरला १० टक्के १०,८०० वर आणि पुण्याला ४० टक्के १२,९६० वर. पाया जवळजवळ सारखा, पण पुण्याच्या चाळीसमध्ये पाणी-गटारासकट सगळं आलं आणि इंदूरच्या दहामध्ये फक्त संपत्तिकर. तुलना करायची तर सगळ्या ओळींची बेरीज घ्या, त्यात इंदूरचं जलकराचं आणि कचरा संग्रहण शुल्काचं बिल मिळवा, आणि ती बेरीज एका मापातल्या क्षेत्राने भागा. दर चौरस मीटरला वर्षाचे किती रुपये, हाच आकडा शेजारी ठेवण्यालायक आहे.

मुलाच्या बाबतीत ते ४० टक्के नीट तपासा. पुण्यातली ही सवलत १९७० पासूनची. मध्ये काही वर्षं ती काढली गेली, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती परत दिली, एप्रिल २०१९ पासूनच्या परिणामासह. पण ज्यांच्या नोंदीत ती लागलेली नव्हती त्यांना पीटी-३ अर्ज भरून आपण स्वतः राहतो हे दाखवावं लागलं. नवा फ्लॅट घेणाऱ्या अनेकांनी हा अर्ज कधी ऐकलेलाच नसतो. मुलाचा आकडा सगळ्यांत मोठा असण्याचं पहिलं संशयित कारण हेच. दुसरं कारण असं की पुण्यात जुन्या मिळकतींचा दर पहिल्या आकारणीच्या वेळचाच चालत राहिला आणि नव्याने नोंदल्या जाणाऱ्या मिळकतींना नवा, चढा दर लागला. एकाच रस्त्यावर १९८५ ची सोसायटी आणि २०२१ ची सोसायटी यांच्या करात त्यामुळे मोठी दरी आहे. नवं घर घेणाऱ्या तरुणावर हा अन्यायच आहे, असं मला मनापासून वाटतं. पण तो कायद्याने झालेला आहे, बिलातली चूक नव्हे. मुंबईत याच्या उलट टोक: ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना २०२२ पासून मालमत्ताकर माफ. राजस्थानात २००७ मध्ये गृहकर जाऊन नगरीय विकास कर आला आणि ३०० चौरस यार्डांखालचे राहते भूखंड त्यातून सुटले. माफीची रेघ कुठे ओढायची हा निव्वळ राजकीय निर्णय असतो. ज्यांना माफी मिळत नाही त्यांच्यावर ती रक्कम येते.

मग शहराला इतका पैसा लागतो तरी कशाला आणि त्याच्याकडे दुसरं उत्पन्न काय, यावरही दर ठरतो. जकातीचं उदाहरण घ्या. मध्य प्रदेशाने चुंगी १९७६ मध्ये उठवली, गुजरातच्या महानगरपालिकांतून ती २००७ मध्ये गेली, मुंबईत ती थेट १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत होती. जकात गेली तिथे राज्याचं अनुदान आलं, आणि अनुदान अपुरं पडलं की पालिकेच्या हातात संपत्तिकर आणि शुल्कं एवढंच उरतं. शिवाय केंद्र सरकारच्या मालमत्तेवर अनुच्छेद २८५ मुळे स्थानिक कर लागत नाही. ग्वाल्हेरसारख्या लष्कर आणि हवाई दलाची मोठी जागा असलेल्या शहरात त्याचा अर्थ असा की सेवेचा खर्च उरलेल्या मिळकतींवर वाटला जातो.

पाण्याचंही तसंच. इंदूर नर्मदेचं पाणी पितं, आणि ते सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून आणावं लागतं. विजेचं बिल हा त्या पाण्याचा मोठा खर्च आहे. वडोदऱ्याला सयाजीरावांच्या काळातलं आजवा सरोवर आहे आणि मही नदीच्या पात्रातल्या, वाळूतून झिरपणारं पाणी घेणाऱ्या फ्रेंच विहिरी आहेत, ते शहराच्या जवळ आहे. ग्वाल्हेरला तिघरा धरण. पाणी किती लांबून, किती उंच चढवून येतं यावर पाण्याच्या ओळीचा आकडा ठरतो, आणि तो संपत्तिकराच्या खात्यात बघून उपयोग नाही.

महाराष्ट्राच्या बिलात आणखी एक गोष्ट असते. शिक्षण कर आणि, निवासी नसलेल्या मिळकतींना, रोजगार हमी कर. हे १९६२ च्या राज्य कायद्याने आहेत. महानगरपालिका ते फक्त गोळा करते आणि राज्याकडे भरते. त्यावर पालिकेशी भांडण्यात अर्थ नाही.

हद्द हा विषय आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. इंदूर निगममध्ये २०१४ मध्ये २९ गावं आली. वडोदऱ्यात २०२० मध्ये भायली, सेवासी, वेमाली, बिल, करोडिया, उंडेरा, वडदला ही सात गावं घेतली गेली. ग्रामपंचायतीचा घरकर तुटपुंजा असतो, सोयीही तशाच. हद्द बदलली की कर आधी येतो आणि नळ, गटार, दिवे मागून येतात, त्यामुळे लोकांचा राग मला पूर्ण समजतो. या गावांतल्या बिलांत सगळ्यांत जास्त आढळणारी चूक म्हणजे एकाच घराची दोन खाती: एक पंचायतीच्या जुन्या नोंदीवरून उघडलेलं, एक नव्या सर्वेक्षणात. दुसऱ्या खात्यावर थकबाकी साचत राहते आणि घरमालकाला पत्ताच नसतो. महू किंवा ग्वाल्हेरचं मुरार हे छावणी भाग तर निगमच्या कक्षेतच येत नाहीत. तिथे छावणी परिषद २००६ च्या केंद्रीय कायद्याखाली स्वतःचा कर लावते.

इथवरचं एका दमात: क्षेत्र मोजण्याची रीत वेगळी, पाया वेगळा, राहत्या घराची सूट वेगळी, बिलात कोणत्या ओळी धरतात ते वेगळं, आणि शहराचं दुसरं उत्पन्न वेगळं. यातलं राहतं घर, क्षेत्र आणि वापर एवढंच तुमच्या हातात आहे.

म्हणून आता कामाचं. बिल, रजिस्ट्री आणि मोजमापाचा टेप घेऊन बसा.

आधी खाते क्रमांकावरचं नाव बघा. वडिलांच्या नावावर चालू असलेलं खातं राहत्या घराच्या सुटीत अडथळा आणतं, म्हणून नामांतरण करून घ्या. एक लक्षात ठेवा, करपावती हा मालकीचा पुरावा नाही. खातं तुमच्या नावावर आलं म्हणून घर तुमचं होत नाही आणि भाऊबंदकीच्या वाटणीत ती पावती टिकत नाही.

मग क्षेत्र. प्रत्येक मजला बाहेरून मोजा, जिना आणि झाकलेली पडवीसुद्धा, आणि बेरीज बिलाशी ताडा. निगमने उपग्रह किंवा ड्रोनच्या नकाशावरून सर्वेक्षण केलं असेल तर वरून दिसणारं सगळं छत बांधकाम म्हणून धरलं जाण्याची शक्यता असते. गच्चीवरचा उन्हापुरता टाकलेला पत्रा किंवा अंगणावरची ताडपत्री 'दुसरा मजला' म्हणून नोंदली गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. त्यावर मोजमापासह फोटो जोडून लेखी हरकत द्या. तोंडी सांगून झोन ऑफिसात काही बदलत नाही. आवक क्रमांक घ्याच.

तिसरं, छताचा प्रकार आणि रेट झोन. कॉलनीच्या कडेच्या घरांचा झोन अनेकदा शेजारच्या महाग झोनमध्ये पडतो. निगमची झोनयादी कॉलनीच्या नावाने असते, ती काढून आपलं नाव कुठे आहे ते बघा.

चौथं, वापर. भाडेकरू सोडून गेला असेल, दुकान बंद झालं असेल, तर ज्या वर्षी बदल झाला त्या वर्षीच कळवा. मागच्या वर्षांचा परतावा मिळवणं फार कष्टाचं जातं. अर्ध्या घरात भाडेकरू असेल तर सूट तुमच्या वापरातल्या भागालाच मिळते. दोन्ही भागांचं क्षेत्र वेगळं लिहा.

आणि इथे मध्य प्रदेशातल्या लोकांना मी अगदी कळकळीने सांगतो. आपल्याकडे स्व-निर्धारण आहे, म्हणजे क्षेत्र आणि वापर तुम्हीच सही करून देता. तपासणीत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त निघाला तर फरकाच्या पाचपट शास्तीची तरतूद कायद्यात आहे. चारशे रुपये वाचवायला वरच्या दोन खोल्या लपवल्या तर दोन हजार वेगळे जातात, आणि ते वर्षावर्षाचे जमा होतात. जुन्या विवरणीत चूक असेल तर नोटीस येण्याआधी स्वतःहून सुधारित विवरणी भरलेली केव्हाही बरी.

नोटीस आलीच तर ती बाजूला ठेवू नका. मध्य प्रदेशात पुनर्निर्धारणावर मेयर-इन-कौन्सिलकडे (महापौरांच्या मंडळाकडे) अपील करता येतं. वडोदऱ्याला आणि पुण्याला ठरल्या मुदतीत हरकत, आणि त्यानंतर वर सांगितलेल्या १९४९ च्या कायद्याच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील. पण तिथे मुदत थोडी असते आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. म्हणून 'हरकत घेतलीय, निकाल लागेपर्यंत भरत नाही' हे धोरण महागात पडतं. हरकत नोंदवून भरा. पुण्यात थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस. बँकेतली ठेव मोडून भरलं तरी फायद्यात राहाल.

इंदूर-ग्वाल्हेरला जुनी थकबाकी असेल तर नॅशनल लोक अदालतीची तारीख बघा. तिथे अधिभारात सूट मिळते, मूळ करात मिळत नाही. उलट चालू वर्षाचा कर वेळेआधी भरणाऱ्याला बहुतेक निगम काही टक्के सूट देतात. वडोदऱ्यातही आगाऊ वेरा भरण्याची योजना निघते, बहिणीने तिची तारीख चुकवू नये.

शेवटी आयकराचं एक. घर भाड्याने दिलेलं असेल तर मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला पालिकेचा कर भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो. थकलेला कर वजा होत नाही, आणि भाडेकरूने भरलेलाही नाही. राहत्या घराच्या करावर अशी वजावट नाही.

मुलाला आजच सांगा: बिलावर निवासी सवलतीची ओळ आहे का ते बघ, नसेल तर पीटी-३ बद्दल क्षेत्रीय कार्यालयात विचार. तुमच्या बिलात ५० टक्के सूट लागलीय का आणि बांधलेलं क्षेत्र किती लिहिलंय, आणि बहिणीच्या बिलात कार्पेट किती मीटर आणि वापराचा गुणक किती, हे तीन आकडे मिळाले की त्यात खरंच चूक आहे का ते सांगता येईल.